वटवाघळांचा रकाना

वटवाघळाचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते ते केवळ रोगाच्या निमित्ताने. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वर येथील गुहेतील वटवाघळे पकडून त्यांचे नमुने तपासले. २०२१ साली त्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन जातींच्या वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. शरीरात प्रतिपिंडे असणे म्हणजे त्या प्राण्याचा कधीतरी विषाणूशी संबंध आलेला असणे. त्यातून रोगाची साथ पसरली, असा त्याचा अर्थ होत नाही. तथापि मथळे वाचणाऱ्या बहुसंख्यांना एवढा भेद करण्यास सवड नव्हती. करोनाच्या साथीने आधीच धास्तावलेल्या गावोगावच्या लोकांनी वटवाघूळ म्हणजे रोगाची पेटी, अशी खूणगाठ बांधली.

शास्त्रज्ञांनी जे केले ते योग्यच केले. आक्षेप घ्यायचा तो निराळ्याच गोष्टीस. या राज्यात वटवाघळे पकडून त्यांचा अभ्यास होतो, त्याला पैसा मिळतो आणि त्याची बातमी होते, ती बहुतांशी विषाणूसाठी. म्हणजे या प्राण्याच्या खातेवहीत खर्चाची बाजू तेवढी कसोशीने लिहिली जाते. जमेच्या बाजूला कोणी लेखणी टेकवीत नाही. ज्या जिल्ह्याचे सारे अर्थकारण कापूस आणि केळी या दोन पिकांवर उभे आहे, त्या जळगाव जिल्ह्याला अशी अर्धी वही परवडणारी नाही.

आपल्याकडे मोजदाद कमी होते, असे मुळीच नाही. जनावरांची गणना या देशात १९१९ पासून होत आली असून विसावी पशुगणना २०१९ साली पार पडली. गाई, म्हशी, शेळ्या, डुकरे, कोंबड्या यांचे तालुकावार आकडे मिळतात. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन नावाची जी पुस्तिका शासनाकडून प्रसिद्ध होते, तीत सिंचन विहिरी व ट्रॅक्टरपासून टपाल कचेऱ्यांपर्यंत सर्वांना रकाने आहेत. ज्याची मालकी कोणाकडे नाही आणि ज्याचा बाजारभाव निघत नाही, अशा प्राण्याला मात्र त्यात स्थान नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात अशा वस्तूंना फुकटच्या वस्तू म्हणण्याचा प्रघात होता. फुकट मिळणारी सेवा बंद पडली की तिची किंमत कळते, हा त्यापुढचा धडा मात्र पाठ्यपुस्तकापेक्षा अनुभवानेच अधिक शिकवला आहे.

या संदर्भात गिधाडांचे उदाहरण अद्याप ताजे आहे. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८० नंतरच्या दशकात गिधाडांची मोजणी केली होती. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा मोजणी झाली तेव्हा पक्षी झपाट्याने नाहीसे होत असल्याचे ध्यानात आले. जनावरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यास कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज मांडला आहे. उघड्यावर कुजणारी जनावरे, दूषित पाणी, भटकी कुत्री व श्वानदंश अशी ही साखळी आहे. अंदाजाच्या आकड्याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु भरतपूरची पहिली मोजणी हाताशी नसती तर वाद घालण्यापुरताही आकडा उरला नसता.

कापसाच्या शेतावरचे आकाश

वटवाघळांच्या बाबतीत जमेच्या बाजूचा पहिला गंभीर हिशोब कापसाच्याच शेतात झाला, ही बाब खानदेशाच्या दृष्टीने मोलाची आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिणेस आठ परगण्यांच्या कापूसपट्ट्यात गुहांतून व पुलांखालून लक्षावधी वटवाघळे रात्री बाहेर पडतात आणि बोंडअळीचे पतंग खातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वाचलेले पीक आणि टळलेली फवारणी मिळून या सेवेचे मूल्य वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर धरण्यात आले. त्या पट्ट्यातील कापसाचे वार्षिक उत्पन्न ४६ ते ६४ लाख डॉलर होते. म्हणजे दर सात-आठ रुपयांच्या कापसामागे एक रुपया रात्रीच्या या मजुरांचा. पुढे २०११ मध्ये काही संशोधकांनी हाच हिशोब ताणून साऱ्या अमेरिकेच्या शेतीला लावला आणि ३७० कोटींपासून ५,३०० कोटी डॉलरपर्यंतचा अंदाज काढला. ज्या अंदाजाची खालची आणि वरची टोके एकमेकांपासून चौदा पटींनी दूर आहेत, तो अंदाज म्हणजे अज्ञानाचीच कबुली होय. पण प्रश्न किती मोठा आहे हे त्याने दाखवून दिले, इतके श्रेय त्याला द्यावे लागेल.

त्याहून अधिक विचार करायला लावणारा पुरावा एका आपत्तीने पुरवला. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत, थंडीत निद्रिस्त असलेल्या वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी आढळली. ही बुरशी राज्याराज्यांतून पसरत गेली आणि लक्षावधी वटवाघळे मेली. वर उल्लेखिलेल्या फ्रँक यांनीच या घटनेचा उपयोग करून २०२४ मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या परगण्यांत वटवाघळे मेली तेथील शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला, पिकाचे उत्पन्न तरीही घटले, आणि त्याच परगण्यांत अर्भकमृत्यूचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढले, असे त्यांना आढळले. बुरशी शेतकऱ्याची आर्थिक स्थिती पाहून गुहा निवडीत नाही. त्यामुळे बाधित व अबाधित परगण्यांची तुलना बरीचशी निर्दोष ठरते. अर्थात औषध अर्भकांपर्यंत नेमके कोणत्या वाटेने पोचले, याचा प्रत्यक्ष माग या अभ्यासात नाही. निष्कर्ष स्वीकारताना ही मर्यादा ध्यानात ठेवलेली बरी.

हे सारे वाचून खानदेशातील शेतकऱ्याने काय करावे? जळगाव जिल्ह्यात कापसाखालील क्षेत्र पाच लाख हेक्टरांच्या घरात असते. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला, अशी समजूत रूढ झाली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने तिचा फोलपणा महाराष्ट्रभर दाखवून दिला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. गुलाबी बोंडअळीची अडचण अशी की ती बोंडाच्या आत शिरून बसते. फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. तिच्या आयुष्यात उघड्यावर सापडण्याचा मुख्य काळ म्हणजे पतंगावस्था, आणि हा पतंग रात्री उडतो. म्हणूनच कृषी विभाग कामगंध सापळे लावण्यास सांगतो. सापळ्यात नर पतंग अडकतात. वटवाघूळ नर-मादी पाहत नाही, त्याला सापळ्यातील वडी बदलावी लागत नाही आणि त्याचे अनुदानही कोणाच्या खात्यात अडकून पडत नाही.

तथापि येथेच थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. टेक्सासची वटवाघळे जे पतंग खातात ते तिकडच्या बोंडअळीचे. आपल्याकडील हिरवी अमेरिकन बोंडअळी तिची जवळची नातलग आहे. गुलाबी बोंडअळी मात्र निराळ्या कुळातील असून तिचा पतंग आकाराने कितीतरी लहान आहे. नशिराबादच्या किंवा जामनेरच्या शिवारात रात्री फिरणाऱ्या चार-पाच ग्रॅम वजनाच्या पाकोळ्या तो खातात किंवा कसे, आणि खात असल्यास किती, याचे उत्तर टेक्सासच्या आकड्यांत शोधणे म्हणजे शेजाऱ्याची नाडी पाहून आपले औषध ठरवण्यासारखे आहे. उत्तर येथेच, या शिवारात काढावे लागेल.

पहिला अहवाल खानदेशाचा

असे उत्तर काढण्याची परंपरा खानदेशाला नवी नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. पुढे सुमारे बारा वर्षे ही पाहणी ब्रह्मदेश आणि सिंहलद्वीपापर्यंत चालली. परंतु तिचा आरंभ झाला तो खानदेशातून. सी. ए. क्रम्प नावाच्या संग्राहकाने येथे गोळा केलेल्या प्राण्यांवर आर. सी. रॉटन यांनी लिहिलेला अहवाल हा त्या मालिकेतील पहिला अहवाल होय. याच रॉटन यांचे नाव धारण करणारे एक वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्राला ज्ञात झाले. ते बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत सापडले होते, आणि पुढे सुमारे नऊ दशके जगात ते त्या एकाच गुहेत असल्याचे माहीत होते. त्या काळात कोणी दगडाच्या खाणीसाठी ती टेकडी फोडली असती तर एक जात नष्ट झाल्याची नोंद करण्यासही कोणी उरले नसते.

स्वातंत्र्यानंतर आंद्रे ब्रोसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने पश्चिम व मध्य भारतातील लेणी, किल्ले व पडक्या इमारती पालथ्या घालून तेथील वटवाघळांवर १९६२-६३ च्या सुमारास विस्तृत लेखन केले. अजिंठा, वेरूळ, औरंगाबाद या परिसराचा त्यात समावेश आहे. राजस्थानच्या वाळवंटापासून दख्खनच्या लेण्यांपर्यंत आढळणारे लांब शेपटीचे वटवाघूळ, ज्याची शेपटी उंदराच्या शेपटीसारखी दिसते, ते सुगीच्या दिवसांत अंगात चरबी साठवून दुष्काळी महिने कसे काढते, याचे वर्णन वाचताना खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याचीच आठवण व्हावी.

अजिंठ्याचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ लेण्यांत शिरला तेव्हा तेथे वटवाघळांचे राज्य होते. त्यांच्या विष्ठेने भित्तिचित्रांची हानी झाली आणि संरक्षणासाठी त्यांना लेण्यांबाहेर घालवणे भागच होते. चित्रे आणि वटवाघळे यांत निवड करायची तर चित्रेच निवडली पाहिजेत, याबद्दल दुमत नसावे. मात्र बाहेर घातलेली वटवाघळे गेली कोठे, हे पाहणे पुरातत्त्व खात्याचे काम नव्हते. आणि ज्यांचे होते असे दुसरे खाते नव्हते. अजिंठ्याच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर पुढे जामनेर तालुक्यातून येते, नशिराबाद आणि साकेगाव यांच्या दरम्यान महामार्गाखालून जाते आणि तापीला मिळते. पाण्यासाठी रात्री फिरणाऱ्या प्राण्याला नदीचे पात्र हाच राजमार्ग असतो.

पकडावे कसे?

वटवाघळे पकडणे हा पोरखेळ नव्हे आणि धाडसाचा खेळही नव्हे. कोरड्या मुलुखात त्याची एक सोय असते. वटवाघूळ उडता उडताच पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून पाणी पिते. वाळवंटी प्रदेशात काम करणारे अभ्यासक म्हणूनच उन्हाळ्यात पाणवठा गाठतात. चैत्र-वैशाखात नद्या-नाले आटले की मैलोगणतीच्या वटवाघळांना दोन-चार डोहांवरच यावे लागते. वाघूर आणि तापीच्या काठी हा प्रयोग करण्यास निसर्गाने दिलेली प्रयोगशाळाच तयार आहे.

अतिशय बारीक धाग्याचे, अंधारात जवळजवळ न दिसणारे जाळे दोन काठ्यांच्या आधाराने पाण्यावर आडवे ताणतात. सैल ठेवलेल्या पट्ट्यांत झोळ तयार होतो आणि वटवाघूळ त्यात अलगद पडते. दुसरे साधन म्हणजे वीणेसारखा सापळा. चौकटीत उभ्या तारा ताणलेल्या असतात. त्यांवर आदळून प्राणी खालच्या कापडी पिशवीत घसरतो. या सापळ्यात इजा कमी होते. जाळे लावून अभ्यासकाने चहाला निघून जावे, असे चालत नाही. दर काही मिनिटांनी ते पाहावे लागते, नाहीतर प्राणी गुरफटून पंख फाडून घेतो किंवा धाग्यांना चावून जाळेच फाडतो. गाभण आणि पाजत्या माद्या प्रथम सोडाव्या लागतात. बहुतेक जातींची मादी वर्षातून एकदा, एकच पिल्लू देते. म्हणून एका मादीचा बळी हा वर्षाच्या व्याजाचा नव्हे, मुदलाचा तोटा होय.

पकडलेल्या प्राण्याच्या पंखातील मनगटापर्यंतचे हाड मोजपट्टीने मोजले की जात ओळखण्यास मोठी मदत होते. कापडी पिशवीत घालून तराजूवर वजन करतात. बोटांच्या सांध्यांतून विजेरीचा प्रकाश पार जातो की नाही यावरून पिल्लू व प्रौढ ओळखता येतात. पंखाच्या पडद्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला तर आनुवंशिक तपासणी होते आणि पडदा भरून येतो. मग त्याच रात्री, त्याच ठिकाणी प्राणी सोडून द्यायचा. हातमोजे, मुखपट्टी आणि रेबीजची लस टोचून घेतल्यावाचून कोणीही या कामाला हात लावू नये. या नियमात तडजोडीला जागा नाही, आणि शाळकरी मुलांना या कामात ओढण्याचा मोह उपक्रमशील शिक्षकांनी कटाक्षाने टाळावा.

येथे एक दिलाशाची गोष्ट अशी, की खानदेशाला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे त्यासाठी पुष्कळदा पकडण्याचीही गरज नाही. पडक्या वाड्यात, देवळाच्या गाभाऱ्यात किंवा पुलाखाली वटवाघळांच्या वस्तीखाली चादर अंथरली तर सकाळी त्यांची विष्ठा मिळते. तिच्यातील कीटकांचे अंश आज आनुवंशिक पद्धतीने ओळखता येतात. गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री खाल्ला गेला की नाही, ते सकाळी समजू शकते. माणसाला ऐकू न येणारे वटवाघळांचे आवाज टिपणारी यंत्रे आता विद्यापीठांच्या आवाक्यात आली आहेत. कापसाच्या शेतावर आणि शेजारच्या पडीत रानावर ती एकाच रात्री लावली तर वटवाघळांचा ओढा कोणीकडे आहे हे कळते.

योग्य प्राण्याचा शोध न घेता काढलेले निष्कर्ष किती दिशाभूल करतात, याचे उदाहरण आरोग्याच्याच क्षेत्रात आहे. २०१८ साली केरळात कोझिकोड जिल्ह्यात निपाहची साथ आली आणि सतरा माणसे मरण पावली. पहिल्या बाधित कुटुंबाच्या विहिरीत सापडलेली वटवाघळे तातडीने तपासण्यात आली. ती निर्दोष निघाली. ती कीटक खाणारी वटवाघळे होती. काही दिवसांनी त्या परिसरातील फळे खाणारी मोठी वटवाघळे पकडून तपासली, तेव्हा ५२ पैकी १० मध्ये विषाणू सापडला. पहिल्याच तपासणीवर थांबले असते तर वटवाघळांचा संबंध नाही, असा चुकीचा निर्वाळा कायम झाला असता. जाती ओळखणारी माणसे प्रत्येक जिल्ह्यात असणे हा सार्वजनिक आरोग्याच्या व्यवस्थेचाच भाग आहे. शेतीसाठी केलेला अभ्यास साथीच्या वेळी उपयोगी पडतो. साथ आल्यावर मात्र तो सुरू करता येत नाही.

हे काम महानगरांतील बड्या संस्थांनीच करावे, असा समज असेल तर तो मदुराईने खोटा ठरवला आहे. १९७० ते १९९० या काळात मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन, जी. मारिमुथू आणि त्यांचे सहकारी जवळच्या टेकड्यांतील गुहांत वटवाघळांच्या दिनचक्राचा अभ्यास करीत होते. अंधाऱ्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेले वटवाघूळ, बाहेर ये-जा करणाऱ्या आपल्या थव्याच्या चाहुलीवरून वेळ जुळवून घेते, हे त्यांनी १९८१ च्या सुमारास दाखवून दिले. मोफसल विद्यापीठातील हे काम जगभर वाखाणले गेले, ते गुहा जवळ होती आणि माणसे तेथे रात्रीमागून रात्री जाऊन बसली म्हणून. जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे. २०१८ पासून ते बहिणाबाईंचे नाव मिरवीत आहे. धुळ्यास कृषी महाविद्यालय आहे. दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रकल्प लिहितात. त्यांतील पुष्कळसे जुन्या प्रकल्पांच्या प्रती असतात, हे कोणत्याही परीक्षकाला ठाऊक आहे. चादर अंथरून विष्ठा गोळा करण्याचा प्रकल्प कोठूनही नकलून काढता येणार नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

झाड तोडणारा आणि जाळे लावणारा

आता कायद्याकडे वळू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना कावळे, उंदीर व घुशी यांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात बसवले होते. म्हणजे त्यांना मारण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट गाळले गेले आणि १ एप्रिल २०२३ पासून मोठ्या फळखाऊ वटवाघळाला कायद्याचे संरक्षण मिळाले. ही दुरुस्ती स्वागतार्ह होती. परंतु तिने एक विसंगती उघडी पाडली. अभ्यासासाठी एक वटवाघूळ अर्धा तास पकडायचे तर वन खात्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ती लागलीच पाहिजे. मात्र ज्या चिंचेवर किंवा वडावर शेकडो वटवाघळे पिढ्यान्पिढ्या लटकत आली आहेत ते झाड रस्त्यासाठी तोडताना, त्यावर कोण राहते हे विचारण्याची रीत नाही. जाळे लावणाऱ्याला कायदा हटकतो. करवत चालवणारा कंत्राटदार वाहतुकीचा प्रश्न सोडवीत असतो.

नशिराबादने हे पाहिले आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये ज्याच्या नावाचा महसुली उपविभाग होता ते हे गाव जळगाव-भुसावळ रस्त्यावर वसले आहे. महामार्गाचे चौपदरीकरण झाले, टोलनाका आला. वाहतूक सुधारली हे खरेच. पण रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडेही गेली. त्यांच्या बदल्यात लावलेली रोपे जगली तरी मोठ्या वटवाघळाला लटकण्याजोगी फांदी मिळण्यास तीस-चाळीस वर्षे लागतील.

सावलीचा प्रश्न येथे शोभेचा नाही. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. ऑस्ट्रेलियात १२ जानेवारी २००२ रोजी तापमान ४२ अंशांवर गेले तेव्हा एकाच दिवसात साडेतीन हजारांहून अधिक मोठी वटवाघळे झाडांवरून गळून पडली. आपल्याकडे मे २०२० मध्ये गोरखपूर जिल्ह्यात अशीच वटवाघळे मेलेली आढळली. लोकांनी करोनाचा संशय घेतला, तपासणीत कारण निघाले ते उष्म्याचे. खानदेशातील वटवाघळे दरवर्षी हा ताप सोसून जगतात ती पाण्याजवळच्या दाट, उंच झाडांच्या आधाराने. नदीकाठचे एक झाड गेले म्हणजे त्यांच्यापुरते एक रुग्णालय बंद झाले.

फळबागायतदारांचा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. पेरू, चिकू, आंबा यांचे मोठी वटवाघळे नुकसान करतात. केळीबाबत मात्र भीती अवास्तव आहे. रावेर-यावलची केळी हिरवी असतानाच कापून रवाना होतात, आणि पिकलेल्या फळावर जगणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला त्यांतले फारसे येत नाही. लागवडीच्या केळीला बी नसल्यामुळे परागीकरणाचे उपकारही तिच्यावर नाहीत. सातपुड्यातील मोहाची गोष्ट वेगळी. मोहाची फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांवर येतात, त्यांच्याकरवी परागीकरण होते आणि बियाही दूरवर पडतात. पहाटे झाडाखाली फुले वेचणाऱ्या पावरा व भिल्ल कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीत मोहाचा वाटा लहान नाही. म्हणजे पेरूच्या बागायतदाराचे नुकसान आणि चोपडा-शिरपूरच्या आदिवासीचा लाभ एकाच प्राण्याकडून होतो. बागायतदाराचा आवाज बाजार समितीत पोचतो. मोह वेचणारीचा कोठे पोचतो, हे सांगावयास नको.

यासाठी नवा कायदा, नवे महामंडळ किंवा आयोग यांची गरज नाही. नागरी क्षेत्रातील वृक्षसंवर्धनाच्या १९७५ च्या राज्य कायद्याने वृक्ष प्राधिकरणावर दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे बंधन घातले आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या वृक्षांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले आहे. नशिराबाद आता नगरपरिषद आहे. म्हणजे हा कायदा तिला लागू आहे. झाडाची जात, घेर, उंची, वय यांचे रकाने गणनेच्या तक्त्यात असतातच. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा. झाडावर वटवाघळे आहेत काय आणि सुमारे किती? मोठी वटवाघळे दिवसाढवळ्या उघड्यावर लटकतात. ती मोजण्यास जाळे लागत नाही, परवाना लागत नाही. तिन्हीसांजेला ती उडताना दोघांनी झाडाखाली उभे राहून मोजली तरी पुरे. हाच रकाना भुसावळ, यावल, रावेर, सावदा, फैजपूर येथील नगरपरिषदांनी आखला तर तापीच्या दोन्ही काठांचा पहिला तक्ता तयार होईल. कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, हे पुढच्या रस्त्याच्या आखणीपूर्वी अभियंत्यांना कागदावर दिसेल.

कापसाचा प्रश्न विद्यापीठाकडे जातो. बोंडे भरू लागली की गुलाबी बोंडअळीच्या पतंगांची ये-जा वाढते. दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत पुलाखालच्या आणि पडक्या वाड्यांतल्या वस्त्यांखाली आठवड्यातून एकदा चादर अंथरायची, शेजारच्या शिवारातील कामगंध सापळ्यांत त्या आठवड्यात किती पतंग आले तेही लिहून ठेवायचे, आणि दोन्ही आकडे समोरासमोर मांडायचे. दोन हंगामांत खानदेशातील वटवाघळे बोंडअळीवर जगतात की नाही, याचे होकारार्थी किंवा नकारार्थी उत्तर मिळेल. नकारार्थी मिळाले तरी कृषी विभागाला त्याचा उपयोगच आहे.